डोकं मोठं, पोट खपाटीला

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या माझ्या एका मित्राने चार वर्षांपूर्वी शहराबाहेर घर घेतलं. घरामागच्या उतारावर दोन एकरांचं तळं, तेही त्याच्याच मालकीचं. हा मूळचा खाडीकाठचा, लहानपणी शाळा बुडवून गरवायला बसणारा. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला तो ओरडतच : “अरे, गळ पाण्यात पडायचा अवकाश, मासा लागतोय. तासाभरात पंचवीस!” दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी सूर बदलला. मासे लागत होते, पण सगळे एकाच मापाचे, दहा ते बारा इंची. “सगळे परत सोडतो रे, एकही मारत नाही. यांना वाढायला अजून किती वेळ द्यायचा?” असं विचारत त्याने एक फोटो पाठवला.

उत्तर फोटोतच होतं. लार्जमाऊथ बास. हिरवट अंग, बाजूने काळी पट्टी, डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. डोकं थोराड, डोळे बटबटीत आणि कल्ल्यांच्या मागे अंग एकदम निमुळतं होत गेलेलं. पोट खपाटीला. असा मासा बघून ‘अजून पिल्लू आहे’ असं वाटतं, पण तो पाच-सहा वर्षांचाही असू शकतो. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यात पोटभर खायला मिळालं तर बास साधारण दोन वर्षांत बारा इंचांचा होतो. मित्राचे मासे वयाने वाढले होते, अंगाने नाही.

दर फेकीला मासा लागणं हे उपासमारीचंच एक लक्षण आहे, हे पटवायला मला बराच वेळ लागला. पोट भरलेला बास चोखंदळ असतो. त्याच्या नाकासमोरून आमिष गेलं तरी तो ढिम्म हलत नाही. उपाशी बास चमचमणाऱ्या कशालाही तोंड मारतो. त्यामुळे ज्या तळ्यावर पाहुणे सर्वांत खूश होतात, ते तळं बहुतेकदा सर्वांत आजारी असतं.

दोन मासे, एक ताट

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, अशी खाजगी तळी लाखोंनी आहेत. 1930च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर मृदसंधारणाची मोहीम निघाली आणि सरकारी मदतीने शेतोशेती बांध घालून पाणी अडवलं गेलं. पाणी साठलं, आता त्यात मासे कोणते सोडायचे? याचं पद्धतशीर उत्तर शोधलं अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी. आज जे ऑबर्न विद्यापीठ आहे, ते तेव्हा अलाबामा पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट होतं. स्विंगल यांची रीत सरळ होती : तळ्यात मासे सोडायचे, काही काळाने तळं पूर्ण रिकामं करायचं आणि तळाशी उरलेला प्रत्येक मासा मोजायचा, तोलायचा. अशी कितीतरी तळी उपसल्यावर 1950 साली त्यांनी समतोल आणि बिघडलेल्या तळ्यांबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. आजही तळ्यांचा विषय निघाला की बोट तिथेच जातं.

त्यांनी रूढ केलेली जोडी म्हणजे बास आणि ब्लूगिल. ब्लूगिल हा तळहाताएवढा चपटा मासा. कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, तोंड अगदी लहान. तो किडे, अळ्या, पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. त्याचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे तो उन्हाळाभर पुन्हापुन्हा अंडी घालतो. बास मात्र वसंतात, पाणी 18 अंशांच्या आसपास तापलं की, वर्षातून एकदाच घरटं करतो. म्हणजे ब्लूगिल हा उन्हाळाभर चालणारा भटारखाना आणि बास जेवणारा. नव्या तळ्यात एकरी साधारण 1,000 ब्लूगिलची बोटुकली आणि 100 बासची पिल्लं सोडण्याची पद्धत यातूनच आली.

आपल्याकडे शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. हे मासे साठलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर 1957 साली हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी कटकला संप्रेरकाची सुई देऊन या माशांचं प्रजनन घडवलं तेव्हा केवढं मोठं काम झालं. 10 जुलैचा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे. याचा दुसरा अर्थ असा की आपल्या शेततळ्यात मासे किती हे शेतकऱ्याच्या हातात असतं. जितकी बोटुकली सोडली त्याहून जास्त मासे होणार नाहीत. बास आणि ब्लूगिलच्या तळ्यात ती सोय नाही. तिथे दर वर्षी नवी पंगत आपोआप येऊन बसते. आपल्याकडे हा अनुभव चिलापी देते. उजनीच्या आसपासच्या लोकांना वेगळं सांगायला नको. लहान तळ्यात चिलापी शिरली की कमी वयात विते, वारंवार विते, आणि पाहता पाहता तळं बोटभर माशांनी भरून जातं. म्हणूनच चिलापी पाळणारे आता सगळे नर असलेलं बीज सोडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. तळं किती मासे पोसतं हे संख्येत मोजत नाहीत, वजनात मोजतात. उन्हामुळे पाण्यात हिरवं सूक्ष्म शेवाळ होतं, त्यावर सूक्ष्म प्राणी आणि किडे जगतात, त्यांवर ब्लूगिल, ब्लूगिलवर बास. प्रत्येक पायरीवर बराचसा माल वाया जातो. तळमालकांचा नेहमीचा ठोकताळा असा : बासचं वजन 1 पौंड वाढायला सुमारे 10 पौंड खाद्यमासे लागतात. चार इंची ब्लूगिल भरतो जेमतेम 20 ग्रॅम. म्हणजे एका बासला अर्धा किलो अंगावर चढवायचं तर सव्वादोनशे-अडीचशे ब्लूगिल त्याच्या पोटात जायला हवेत. शिवाय नुसतं जिवंत राहायला, पोहायला, श्वास घ्यायला लागतं ते वेगळं.

समजा एखादं तळं एकरी 60 पौंड बास पोसू शकतं. ते 60 पौंड म्हणजे तीन-तीन पौंडांचे वीस मासे, किंवा अर्ध्या-अर्ध्या पौंडाचे एकशेवीस. तळ्याला दोन्ही सारखेच. फरक पडतो तो आपल्याला.

बासची अशी दाटी झालेल्या तळ्यात आणखी एक विचित्र गोष्ट दिसते, आणि माझ्या मते ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण तीच. तिथले ब्लूगिल मोठे असतात, चांगले आठ-नऊ इंची आणि जाडजूड. मित्राने हे अभिमानाने सांगितलं होतं : “बास बारीक आहेत, पण ब्लूगिल बघ कसले गुबगुबीत!” कारण असं की दर उन्हाळ्यात जन्मलेली ब्लूगिलची पिल्लं नखाएवढी असतानाच उपाशी बासची फौज त्यांचा फडशा पाडते. जी थोडी वाचतात, त्यांना किडेमकोडे भरपूर मिळतात, वाटेकरी कोणी नाही, म्हणून ती फोफावतात. मग बारा इंची बासच्या तोंडात न मावणारे मोठे ब्लूगिल एका बाजूला आणि चिमूटभर पोट भरणारी पिल्लं दुसऱ्या बाजूला. मधला, तीन ते पाच इंची, नेमका बासला परवडणारा घास गायब. बासला आपल्या लांबीच्या पाव ते एक तृतीयांश मापाचा मासा मिळाला तर धावपळीचा मोबदला मिळतो. नखाएवढ्या पिल्लांमागे दिवसभर पळणं म्हणजे एकेक चुरमुरा वेचून भूक भागवणं.

हे झालं कसं?

स्विंगल यांच्या काळात तक्रार बरोबर उलट होती. शेतकरी आणि त्यांचे शेजारी बास पकडून घरी नेत, खात. बास कमी पडले की ब्लूगिल बेसुमार वाढत आणि तळं दोन-तीन इंची खुरट्या ब्लूगिलने भरून जाई. त्यामुळे त्या काळातला सल्ला असे, बास जपा.

मग हवा बदलली. अलाबामाच्याच रे स्कॉट यांनी 1967 साली बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली, पुढे बासप्रेमींची देशव्यापी संघटना उभी केली आणि 1972 मध्ये ‘पकडलेला मासा मारू नका’ अशी मोहीम सुरू केली. स्पर्धेतले मासे जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडायचे. मोठ्या सार्वजनिक जलाशयांवर हजारो गळ पडत होते, तिथे हे शहाणपणाचं होतं. पण हीच शिस्त दोन एकरांच्या खाजगी तळ्यावर गेली, जिथे वर्षाला चार माणसं गळ टाकतात, आणि तिथे ती पाप-पुण्याची गोष्ट होऊन बसली. एका पिढीला वाटू लागलं की बास मारणं म्हणजे वाईट वागणं. गंमत बघा, बासचा जागतिक विक्रम जॉर्जियातच झालेला आहे. 2 जून 1932 रोजी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने माँटगोमेरी लेक या जुन्या नदीपात्रात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड, बास पकडला. मंदीचे दिवस होते. मासा तोलून झाला, घरी गेला आणि पेरी कुटुंबाने तो खाल्ला. त्या वजनाशी बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तेही जपानच्या बिवा सरोवरात.

माझा मित्र प्रत्येक बास हळुवारपणे परत सोडत होता. त्याच्या मनात दयाच होती. पण तळ्याच्या हिशेबात तो दर वर्षी पंगतीला नवे पाहुणे बसवत होता आणि जुन्यांना उठू देत नव्हता.

आधी तोला, मग बोला

फोटोवरून अंदाज येतो, पण निर्णय आकड्यांवर घ्यावा. त्यासाठी लागतं काय, तर मोजपट्टी, काट्याचा तराजू आणि वही.

प्रत्येक बासची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची आणि वजन करायचं. मग त्या लांबीच्या चांगल्या बासचं प्रमाण वजन किती असतं त्याच्याशी ताडायचं. 1978 मध्ये वेज आणि अँडरसन या दोघांनी ही ‘सापेक्ष वजना’ची कल्पना मांडली. प्रमाण वजनाला 100 मानायचं आणि आपला मासा शेकडा किती भरतो ते बघायचं. पुढे सुधारलेल्या सूत्रानुसार 10 इंची बास सुमारे 220 ग्रॅम, 12 इंची सुमारे 400 ग्रॅम, 15 इंची 830 आणि 18 इंची दीड किलोच्या आसपास असावा. मित्राचा एक नमुनेदार मासा 12 इंची, 310 ग्रॅमचा. म्हणजे 77. तळ्यातले मासे 95 ते 105 मध्ये असावेत. 85च्या खाली गेले की ताटात कमी पडतंय हे नक्की.

दुसरा हिशेब आकारमानाचा. 8 इंचांहून मोठे किती बास लागले आणि त्यांपैकी 12 इंचांहून मोठे किती, याची टक्केवारी काढायची. समतोल तळ्यात ती 40 ते 70 असते. मित्राने महिनाभरात 60 मासे नोंदवले, त्यांत 12 इंचांपुढचे फक्त 5. म्हणजे 8 टक्के. यात एक मेख आहे. नेहमी एकाच मापाचं आमिष वापरलं तर एकाच मापाचे मासे लागतात. म्हणून लहान, मोठं, वर तरंगणारं, तळाशी जाणारं असं आलटूनपालटून टाकावं. माझं ऐकून त्याने मोठं आमिष टाकलं तेव्हा एक 19 इंची मादी लागली. तळ्यात मोजक्या दांडग्या माद्या बऱ्याचदा असतात. वेळेवर मोठ्या झाल्या आणि मोठे ब्लूगिल गिळता येऊ लागले, म्हणून तगल्या.

तिसरी चाचणी मजेची आहे. जूनमध्ये काठालगत दोघांनी दोन्ही टोकं धरून छोटं ओढजाळं मारायचं, आपल्या रापणीचं बाळरूप म्हणा. जाळ्यात नुकती जन्मलेली ब्लूगिलची पिल्लं आणि थोडे मधल्या मापाचे मासे आले तर ठीक. मधले अजिबात नसतील आणि पिल्लंही विरळ, तर बासची दाटी. नुसते तीन इंची ब्लूगिलच भरभरून आले तर तुमचा आजार उलटा आहे आणि पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, उलट नुकसान होईल.

खूप घाई असेल तर व्यावसायिक लोक बोटीवर जनित्र घेऊन येतात आणि पाण्यात वीज सोडतात. मासे क्षणभर बधिर होऊन वर येतात, त्यांची मोजदाद करून परत सोडतात. तासाभरात तळ्याचं चित्र स्पष्ट होतं. पण हे काम शिकलेल्या आणि परवाना असलेल्या माणसाचंच. घरचा जनित्र काढून हे करायला जाणं म्हणजे आत्महत्या.

काढा. मग आणखी काढा

उपाय एका शब्दाचा आहे आणि तोच मालकांना सर्वांत जड जातो. बास काढायचे. सुपीक तळ्यातून दर वर्षी एकरी 25 ते 35 पौंड, म्हणजे साधारण 11 ते 16 किलो बास. पाणी नितळ आणि नापीक असेल तर याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. मित्राचं तळं दोन एकरांचं आणि हिरवट, म्हणून आम्ही 60 पौंड धरले. एक मासा पाऊण पौंडाचा धरला तर ऐंशी मासे झाले.

“ऐंशी?” तो म्हणाला. “तळ्यात मग उरणार काय?”

अंडी घालणारी एकेक बास मादी हजारोंनी पिल्लं देते. तळ्यातून गळाने बास संपवणं जवळजवळ अशक्य आहे. उलट ऐंशी काढून थांबणारेच पुढच्या वर्षी पुन्हा रडत येतात.

कोणते काढायचे? बारा-तेरा इंचांच्या आतले सगळे. चौदा इंचांपर्यंतचे रोडावलेले असतील तर तेही. पंधराच्या पुढचे राखायचे. नर बास सहसा पंधरा-सोळा इंचांच्या फारसे पुढे जात नाहीत, मोठी होते ती मादी, म्हणून त्या मापापुढचा मासा मादी असण्याची शक्यता जास्त. यात सोय अशी की उपाशी लहान मासे पटापट लागतात. शेजारची पोरं, ऑफिसातली मंडळी, मराठी मंडळातले हौशी गळवाले बोलवा. फक्त नियम आधी सांगा : आज पकडलेला बास परत सोडायचा नाही. निम्मे पाहुणे चोरून सोडून देतात, हे मी स्वतः पाहिलंय.

काढलेल्या माशांचं काय करायचं? खायचे. पांढरं, कमी काट्यांचं मांस असतं, चव सौम्य. सुरमई नव्हे, पण हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून, रव्यात घोळून तळला तर वाईट लागत नाही. आणखी एक फायद्याची गोष्ट : शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि मोठ्या, म्हाताऱ्या माशांत तो जास्त असतो. म्हणजे खायला लहान बासच बरे. राज्याचा आरोग्य विभाग कोणत्या पाण्यातले मासे किती खावेत हे जाहीर करतो, तेवढं बघून घ्यावं. कुणा शेजाऱ्याच्या तळ्यात ब्लूगिलची दाटी झाली असेल, तर तुमचे बास त्याला वरदान. मात्र जिवंत मासे इकडून तिकडे नेण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी विचारा. आणि सार्वजनिक तलावात नेऊन सोडण्याची दया तर करूच नका.

पैसे वाया घालवण्याचे मार्गही बरेच आहेत, आणि मित्र त्यांतले दोन करून बसला होता. पहिला : ब्लूगिल विकत आणून सोडणं. वरचा दहाला एकचा ठोकताळा आठवा. शंभर बासना प्रत्येकी एक पौंड चढवायचं तर हजार पौंड खाद्यमासे लागतील. त्याने आणलेली पाचशे बोटुकली तळ्यात पडली आणि आठवडाभरात न्याहारीत संपली. बास काढण्याआधी खाद्यमासे सोडणं म्हणजे महागाचा फराळ वाटणं. काढल्यानंतर, तेही चार-पाच इंची मापाचे थोडे सोडले, तर मात्र ते जगतात आणि वितात.

दुसरा : ‘आपल्या माशांचं रक्तच खराब झालंय’ म्हणून फ्लोरिडा जातीच्या बासची पिल्लं आणणं. ती जात मोठी होते हे खरं. पण उपाशी पंगतीत जातिवंत पाहुणा बसवला तरी ताटात तेवढंच. वर आणखी तोंडं वाढली.

दाटी कमी झाल्यावर मग ताट मोठं करायचा विचार करावा. ब्लूगिलसाठी गोळीखाद्याचं यंत्र काठावर बसवता येतं. ठरल्या वेळी दाणे उडतात, ब्लूगिल खातात, धष्टपुष्ट होऊन जास्त पिल्लं देतात, आणि ती पिल्लं बास खातात. बास स्वतः सहसा गोळीखाद्याला तोंड लावत नाही, लहानपणापासून सवय लावलेले सोडून.

खतं हा जरा जोखमीचा विषय आहे. स्फुरदाचं प्रमाण जास्त असलेलं विरघळणारं खत थोडं थोडं घातलं की पाणी हिरवं होतं आणि तळ्याची पोसण्याची ताकद तीन-चार पट वाढू शकते. पण आधी पाण्याची क्षारता तपासावी. ती लिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खताचा पैसा पाण्यात, आधी शेतीचा चुना टाकावा लागतो. हिरवेपणा मोजायला काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात. ती 45 ते 60 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर बरोबर. त्याआधीच दिसेनाशी झाली तर थांबा. दाट शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, आणि ढगाळ उन्हाळी रात्रीनंतर पहाटे तळ्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसतात. ज्या तळ्यातून पाणी सतत वाहून जातं किंवा जिथे पाणवनस्पती आधीच माजल्यात, तिथे खत घालूच नये. खरं सांगायचं तर जो वर्षाला ऐंशी मासे काढायला तयार नाही, त्याने खताच्या वाटेला जाऊ नये. एकदा सुरू केलं की दर वर्षी करावं लागतं.

काही मालक थ्रेडफिन शॅड नावाचा चंदेरी मासा सोडतात. पाण्याच्या मधल्या थरात थव्याने फिरणारा, बासला आवडणारा. उबदार राज्यांत चालतो, पण पाणी 5 ते 7 अंशांवर उतरलं की तो मरतो. त्याचाच भाऊ गिझार्ड शॅड मात्र लहान तळ्यात नको. तो बासच्या तोंडाबाहेर वाढतो आणि मग उपटता उपटत नाही.

आणि हो, सगळ्यांनी हे करायलाच हवं असंही नाही. काहींना बासचं सोयरसुतक नसतं. त्यांना नऊ इंची ब्लूगिल पकडायला आवडतात, किंवा नातवंडांना दर मिनिटाला काहीतरी लागलेलं हवं असतं. त्यांच्यासाठी बासची दाटी हेच उत्तम तळं. उपाशी बास त्यांचे पगार न घेणारे नोकर असतात. आपल्याला काय हवं ते आधी ठरवावं. एकाच तळ्यात तिन्ही गोष्टी मागणाऱ्यांना मी तरी सल्ला देणं सोडलंय.

उपाशी मासा पुन्हा वाढतो का?

हा प्रश्न मित्राने अगदी शेवटी विचारला, आणि त्याचं उत्तर आंध्रातल्या मत्स्यशेतकऱ्यांकडे आहे. तिथे रोहू-कटल्याची बोटुकली मुद्दाम दाटीत, बेताच्या खाद्यावर वर्षभर ठेवतात. अंगाने खुरटी, वयाने मोठी. मग मोठ्या तळ्यात विरळ सोडून पोटभर खायला दिलं की ती अशी झपाट्याने वाढतात की सरळ वाढवलेल्या पिल्लांना मागे टाकतात. उपासाने मासा थांबतो, पण त्याची वाढ संपलेली नसते. बासचंही बरंचसं असंच आहे. अगदी म्हातारे झालेले कदाचित लांबीला फार वाढणार नाहीत, पण दोन-तीन वर्षांच्या माशांचं पोट काही महिन्यांत भरून आलेलं दिसतं. लांबी दिसायला एक-दोन वर्षं लागतात.

पहिल्या वर्षी मित्राने 71 मासे काढले. ठरल्यापेक्षा नऊ कमी, कारण बायकोने फ्रीजरमध्ये जागा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या जूनमध्ये ओढजाळ्यात पहिल्यांदा मधल्या मापाचे ब्लूगिल दिसले, एका ओढीला अकरा. ऑक्टोबरात त्याने वही पाठवली. 12 इंची मासा, वजन 370 ग्रॅम. 77 वरून 92. खाली एकाच ओळीत विचारलं होतं : “या वर्षीचे किती काढू?”

मी लिहिलं, “साठ पौंड. आणि वहिनींना सांग, दुसरा फ्रीजर घ्या.”